वाकड्या सात

पॅकहाऊसमधून सुटताना सुपरवायझर म्हणाला,
वाकड्या आहेत, घेऊन जा.
सात होत्या. एक तर
कोपरात दुमडलेल्या हातासारखी.
दिंडोरी रोडच्या बसमध्ये पिशवी मांडीवर,
म्हसरूळ येईपर्यंत तिघींनी विचारलं,
काकडी काय भावानं?

काकडी नाही. गिलकंही नाही.
दिवसभर आम्ही यांनाच हातमोज्यांनी पुसतो,
अठरा सेंटीमीटरच्या पट्टीशेजारी निजवतो,
सरळ निघाली की निळ्या क्रेटात,
मुंबईच्या हॉटेलांकडे.
दोन उन्हाळे पुसल्या,
चाखली एकही नव्हती.

हिरावाडीत उतरले तेव्हा डांबर मऊ होतं.
घरात फक्त नाना.
सासूबाई कळवणला, बहिणीच्या डोळ्यासाठी,
आणि हे रात्रपाळीला गेलेले.
नानांचं नि माझं बोलणं
चहा झाला का, एवढंच, अकरा वर्षं.

पिशवी ओट्यावर उलटी केली.
दारातून म्हणाले, काय आणलं?
झुकिनी.
कोण झुकलं?
(सातपूरला एकतीस वर्षं लेथ.
कान तिथेच राहिले.)

हिला दोडक्यासारख्या शिरा नाहीत,
म्हणजे तिळाची चटणी गेली.
सोलायला घेतली तर सालच मिळेना.
टाकण्याजोगं काही नसलेली भाजी
मला जरा संशयास्पद वाटते.

मी चिरायला लागले, रोजच्यासारखी,
एक काप पाटासारखा, एक कागदासारखा.
नाना बघत होते.
मग म्हणाले, सरक.

या घरात ओट्याशी
कुठल्या पुरुषानं 'सरक' म्हटल्याचं
मला माहीत नाही.
मी सरकले.
त्यांनी खिशातून चष्मा काढला,
सुरीला अंगठ्यावर धार विचारली,
बोटं आत वळवली, आणि
टक. टक. टक.
एक काप खिडकीच्या उजेडात धरला,
दुसरा त्याच्यावर ठेवला.
तीन मिलिमीटर, म्हणाले. सगळे.
मी मोजले नाहीत,
पण बाजूला काढावा असा एकही नव्हता,
आणि ते मला कळतं,
मला त्याचाच पगार मिळतो.

ती कोपरवाली आली तेव्हा थांबले.
फिरवून पाहिली, दोनदा.
जॉब वाकडा असला तर टूल फिरवायचं,
असं स्वतःशीच म्हणाले
आणि सुरी तिच्या वळणानं नेली.

जिरं, ठेचलेला लसूण, मिरच्या,
भिजवलेली मूठभर मूगडाळ.
कढई शिगोशीग भरली.
मी मीठ उचललं, कढईच्या मापानं,
तोच त्यांनी मिठाचा डबा ओढून घेतला.
थांब. ही म्हणते,
आधी बसू दे, मग मीठ.

ही म्हणजे सासूबाई.
त्या हे मला सांगायच्या, रोज, गिलकं असो की पालक,
आणि नाना बाहेरच्या खोलीत, पेपरामागे.
आम्ही दोघी काय काय बोललो आहोत त्या ओट्याशी!
आम्हाला वाटायचं,
त्यांना ऐकू येत नाही.

ताटली झाकली, वर पाणी ओतलं.
पाच मिनिटं दोघंही त्या ताटलीकडे बघत उभे.
काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं,
पाणी सुटलं.
ते म्हणाले, तिचंच.

कढई अर्धी झाली.
मग मीठ, चमच्याच्या टोकावर.
कूट. कोथिंबीर होती तेवढी.

फोन आला कळवणहून. काय केलंत?
गिलकं, म्हणाले नाना,
झुकिनी कोण समजावत बसणार.
मीठ कधी घातलं?
त्यांनी फोन माझ्या हातात दिला
आणि भाकरी मोडायला घेतली.

चवीचं खरं सांगायचं तर
फार काही नव्हती.
जे घालाल ते मानते बिचारी.
नानांनी दोनदा वाढून घेतली,
बोलले काही नाहीत.

उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात नेली.
सगळ्याजणी वाकून बघायला लागल्या,
आपण रोज पुसतो ती ही?
झुंबरताईनं एक काप बोटांत उचलला,
पट्टीवर निजवल्यासारखा बघितला.
एवढे सारखे?
मशीनवर कापलेस का गं?

हो, म्हटलं.
सातपूरची आहे. जुनी.